पान तेरा ते सोळा

रोशनी दुर्गेनं सूड घेतला आणि त्याबद्दल तिला आजवर एका दिवसाचंही वाईट वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारे शेवटपर्यंत वाट बघत बसतात की आता ही पोरगी विरघळेल, आता माफ करेल. ती विरघळणार नाही. आणि ज्याला वाटतं की तिच्या जागी आपण माफ केलं असतं, त्याचं नाव कधी नोटीस बोर्डावर लागलेलं नसतं.

तिचं लागलं होतं ते असं: ‘कु. रोशनी सोमाजी दुर्गे, कंत्राटी संगणक चालक, यांनी ग्रामसभेच्या ठरावात परस्पर फेरफार केल्याचे निदर्शनास आल्याने त्यांची सेवा तात्काळ समाप्त करण्यात येत आहे.’ नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं ठळक अक्षरात. बाप बिचारा सहा वर्षांपूर्वी गेलेला, त्यालाही ओढून काचेमागे उभा केला. दाखल्यासाठी, अर्जासाठी जो जो तिथं आला त्यानं तो कागद वाचला, आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवला.

कुठलं ऑफिस, ते विचारू नका. गडचिरोली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, मागे सागाचं जंगल, पुढे बाजारचौक आणि मधे पिवळ्या रंगाची एक बैठी इमारत, एवढं पुरे. त्या इमारतीत रोशनीनं सात वर्षं काढली. दर अकरा महिन्यांनी तिची ऑर्डर संपायची, चार दिवस जीव टांगणीला लागायचा, मग नवी निघायची. कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सकाळपासून एकच हाक असायची, “रोशनी, याची पीडीएफ मार!” जावक पत्राची पीडीएफ, सभेच्या वृत्तांताची पीडीएफ, साहेबांच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याची पीडीएफ. ती मारून द्यायची. फाईलला नाव नीट द्यायची, तारीख घालायची, पानं सरळ करायची. उलटं स्कॅन झालेलं पान तिच्या हातून कधी गेलं नाही.

पीडीएफवर त्या ऑफिसचा भारी विश्वास. वर्डची फाईल म्हणजे ओली माती, कोणीही बोट घालावं. पीडीएफ झाली म्हणजे मडकं भाजलं. “पीडीएफ झाली ना? मंग पक्कं,” असं साहेबापासून शिपायापर्यंत सगळे म्हणायचे आणि पहिलं पान बघून पाठवून द्यायचे. पहिलं आणि शेवटचं. पहिल्यावर विषय असतो, शेवटच्यावर सह्या असतात. मधली पानं बघायची पद्धतच त्या इमारतीत नव्हती. मधे कोणी लग्नाची पत्रिका घातली असती तर तीही मंजूर होऊन परत आली असती.

दुसरी पद्धत पासवर्डची. कॉम्प्युटर एकच, तो रोशनीच्या नावानं उघडायचा आणि त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवलेला. रोशनीनंच चिकटवला होता. आपण रजेवर असलो तर लांबून आलेल्या माणसाचं काम अडू नये म्हणून. या एका गोष्टीसाठी ती अजून स्वतःच्या नावानं बोटं मोडते.

आता श्रावणबाबू. हा तिथला वरिष्ठ सहायक. वय सत्तावन्न, केस काळे केलेले, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. साहेब येत-जात, ऑफिस चालवायचा हाच. याची एक खोड होती. नवीन फाईल म्हणून कधी उघडायची नाही. जुनी उघडायची, नाव-तारीख-मजकूर बदलायचा, दुसऱ्या नावानं सेव्ह करायची आणि स्वतःच्या पेनड्राइव्हवर टाकून ठेवायची. काही म्हणता काही पुसायचं नाही. “कामात येते,” म्हणायचा. दहा वर्षांचं ऑफिस त्याच्या शर्टाच्या खिशात होतं.

झालं असं. कोहकाटोला म्हणून पंचवीस-तीस घरांचं गोंडांचं गाव आहे. गावामागे टेकडी, टेकडीवर त्यांच्या देवाचं ठाणं, उतारावर मोह आणि चारोळी. ती टेकडी फोडून गिट्टी काढायला कोणाला तरी हवी होती. ग्रामसभा बसली आणि एकमतानं ठराव झाला: टेकडी द्यायची नाही. अध्यक्ष जंगू पुंगाटी ठराव घेऊन रोशनीकडे आले. म्हातारे सातवी शिकलेले, प्रत्येक ओळ बोटानं वाचणारे. तिनं ठराव टाइप केला, त्यांना वाचून दाखवला, सह्या-अंगठ्यांची तीन पानं स्कॅन करून मागे जोडली आणि पीडीएफ केली. जंगूभाऊंनी जाताना टेबलावर चारोळीचा पुडा ठेवला. पीडीएफ पुढे जिल्ह्याला पाठवायचं काम श्रावणबाबूचं.

फेब्रुवारीत मोजणीवाले टेकडीवर हजर. गाव धावलं. मोजणीवाल्यांनी शांतपणे कागद पुढे केला: ग्रामसभेची खाणीला संमती आहे, तातडीनं काम सुरू करावं. मागे तीच तीन पानं, त्याच सह्या, तेच अंगठे. पहिलं पान तेवढं वेगळं. गावानं मोर्चा आणला तेव्हा चौकशी लागली. ती अर्धा तास चालली आणि चौकशीचे कागद मांडायला बसला कोण, तर श्रावणबाबू. त्यानं त्या पीडीएफमध्ये आपोआप नोंदलेल्या माहितीतली एकच ओळ कापून, मोठी करून, छापून टेबलावर ठेवली: ‘लेखक: रोशनी दुर्गे.’

“साहेब, त्या कॉम्प्युटरवर शिपायानं किराण्याची यादी टाइप केली तरी लेखक म्हणून माझंच नाव येते,” रोशनी म्हणाली. “पुरी फाईल दाखवा मले. कोणत्या दिवशी बनली ते पाहू द्या.”

“फाईल गोपनीय आहे,” श्रावणबाबू म्हणाला. आणि वर हळहळून म्हणाला, “पोरगी चांगली होती, साहेब. कोणाच्या नादी लागली कोण जाणे.”

संपलं. संध्याकाळी कागद काचेमागे लागला.

नोकरी गेली त्याचं तिला दुःख झालं, पण पोटात जे पेटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तिची आई अंजनाबाई बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. जंगूभाऊ तिथं आले आणि सगळ्या बाजारासमोर ओरडले, “तुह्या पोरीनं आमचा देव इकला!” आणि तिच्या वांग्यांच्या बाजूला थुंकले. त्या दिवसापासून कोहकाटोल्याच्या बायका अंजनाबाईच्या पुढून तोंड फिरवून जाऊ लागल्या. मग इतर गावांच्याही. अंजनाबाई कोणाशी भांडली नाही. घरी येऊन उरलेली वांगी धुतली, चिरली आणि रडली. आईनं रडावं हे रोशनीला सहन झालं नाही. त्या दिवशी तिनं ठरवलं की आपलं नाव जिथून काळं झालं तिथूनच धुऊन घ्यायचं, आणि ज्यानं काळं केलं त्याला सोडायचं नाही.

तिनं बसस्टँडसमोर एक टपरी घेतली. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, स्कॅनिंग, पीडीएफ. लोक सुरुवातीला बिचकत आले, मग गरजेपोटी येऊ लागले. ऑफिसात तिच्या जागी कोणी आलंच नाही. त्यामुळे ज्यांनी तिला हाकललं त्यांचीच कामं हळूहळू तिच्याकडे येऊ लागली, फक्त माणूस दुसरा पाठवायचे. तोंड दाखवायची हिंमत कोणात नव्हती.

एकात होती. किंवा हिंमत नव्हे, त्याला त्यात काही वाटतच नव्हतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, भर दुपारी, श्रावणबाबू टपरीत आला. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात कागदांची पिशवी. स्टुलावर बसून त्यानं पंखा स्वतःकडे वळवून घेतला.

“कशी आहेस पोरी? बरं चाल्लं दिसते तुह्यं.”

रोशनी प्रिंटरमध्ये कागद भरत राहिली.

“मी येत्या एकतीसले रिटायर होऊन राह्यलो. पेन्शनचे कागद ऑनलाइन टाकाचे आहेत. सगळं एकाच पीडीएफमधी मांगते म्हणे, पुढं अनुक्रमणिका, पानापानावर नंबर. आपल्या इथी कोणालेच जमत नाई. तू गेली अन् ऑफिस लंगडं झालं, पाह्य.”

तू गेली! जणू ती लग्न करून सासरी गेली होती. रोशनीनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्यात लाज नव्हती, भीती नव्हती, खुनशीपणाही नव्हता. हा माणूस विसरला होता. एका पोरीला त्यानं भर चौकात उभं करून मारलं आणि जेवून हात धुवावेत तसा तो विसरून गेला होता. शत्रूनं आपल्याला ध्यानात तरी ठेवावं!

“अर्धे कागद पेनड्राइव्हमधी आहेत, अर्धे पिशवीत,” श्रावणबाबू म्हणाला. “तू शोधून घे. तुले माहीतच आहे माह्यं कसं असते ते. मी जरा खर्रा घोटून आणतो, घंटाभरात येतो.” आणि शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यानं तिच्या हातात दिला.

तिनं तो लावला. दहा वर्षांच्या फाईली. सेवापुस्तक शोधताना ती कागदपत्रांच्या एका फोल्डरवर थांबली, त्यावर कोहकाटोला असं लिहिलेलं. आत चार फाईली. तिचा मूळ ठराव, वर्डमध्ये. तोच ठराव, पहिला परिच्छेद बदलून, दुसऱ्या नावानं सेव्ह केलेला. सह्यांची तीन पानं. आणि शेवटी ती पीडीएफ, जी बघायला मागितली म्हणून तिला गोपनीय सांगितलं होतं. तिनं पीडीएफची माहिती उघडली. लेखक: रोशनी दुर्गे. आणि त्याच्याच खाली, कापून टाकलेली ती ओळ: बनवल्याची तारीख सोळा ऑक्टोबर, सकाळी अकरा बेचाळीस.

सोळा ऑक्टोबरला रोशनी त्या गावातच नव्हती. दरवर्षी जाते तशी ती आईला घेऊन चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. आदल्या दिवशीच निघाली होती. दोन दिवसांच्या रजेचा अर्ज तिनं रीतसर दिला होता, त्यावर ‘मंजूर’ लिहून सही केली होती ती श्रावणबाबूनंच, आणि सवयीप्रमाणे तिनं त्याचीही पीडीएफ करून स्वतःच्या फोनमध्ये ठेवली होती. म्हणजे रजा मंजूर करायची, ती गेली की तिच्या खुर्चीत बसायचं, चिठ्ठीवरचा पासवर्ड मारायचा आणि तिच्या नावानं गावाची टेकडी देऊन टाकायची. एवढं सोपं.

पहिल्या झटक्यात तिला वाटलं, पेनड्राइव्ह चुलीत घालावा. मग वाटलं, याच्या पेन्शनच्या कागदात जन्मतारीखच बदलून टाकावी, म्हणजे बसेल दहा वर्षं हेलपाटे घालत. मग वाटलं, या फाईली घेऊन सरळ कलेक्टर ऑफिस गाठावं. पण तिथं काय होईल ते तिला दिसत होतं. श्रावणबाबू हळहळून म्हणेल, साहेब, हिनंच बनवल्या, हिचा तोच धंदा आहे. आणि सगळे त्याचंच ऐकतील. तिच्या हातून गेलेला कागद आता कोणी खरा मानणार नव्हतं. कागद त्याच्या हातूनच जायला हवा होता.

मग तिला सुचलं, आणि सुचलं तेव्हा ती टपरीत एकटीच हसली.

तिनं पेन्शनची फाईल करायला घेतली, आणि अशी केली की तशी कोणाची झाली नसेल. एक ते बारा पानं त्याची: फोटो, अनुक्रमणिका, जन्माचा दाखला, सेवापुस्तक, वारसाचं नाव, सगळं सरळ, सगळं स्वच्छ. पान तेरा, कोहकाटोल्याचा मूळ ठराव. पान चौदा, बदललेला ठराव. पान पंधरा, त्या पीडीएफची पूर्ण माहिती, तारीख आणि वेळेसकट, पेनड्राइव्हचं नाव वर दिसेल अशी. पान सोळा, तिच्या रजेचा अर्ज, श्रावणबाबूच्या सहीचा. सतरापासून पुढे पुन्हा त्याचे कागद, आणि बावीस नंबरला त्याची शेवटची सही. काही लपवलं नाही. उलट अनुक्रमणिकेत नवव्या ओळीत सरळ लिहिलं: ‘ग्रामसभा कोहकाटोला ठराव, मूळ व बदल केलेला, दोन्ही प्रती, पान १३ ते १६.’ इतर ओळींच्याच अक्षरात, त्याच आकारात. मग सगळं मिळून एक पीडीएफ.

श्रावणबाबू खर्र्यानं गाल फुगवून आला.

“झालं?”

“झालं. पाहून घ्या, भाऊ.” तिनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवला.

त्यानं पहिलं पान पाहिलं. त्याचा फोटो होता. “चांगला आला वं फोटो. शेवटचं दाखव.” तिनं बाविसावं दाखवलं. सही होती. “बस.”

“अनुक्रमणिका वाचून घ्या,” रोशनी म्हणाली. “मधली पानं बी पाहून घ्या. नंतर मले म्हणसान, काय टाकलं न् काय नाई.”

“अवं, काऊन पाहू? तू केलं म्हंजे पक्कंच असते.” तो हसला. “तुह्यावर पुरा भरोसा आहे मले.”

हे ऐकल्यावर तिच्या मनात जी थोडीफार कालवाकालव होती तीही थांबली. तिच्या कामावर याचा भरोसा आहे! सात वर्षं होता. त्या भरोशावरच तर तिच्या नावाचा वापर केला होता.

“तरी एक डाव पाहा, भाऊ.”

“ऊन लागून राह्यलं, पोरी. टाक लवकर.”

त्याच्या मोबाईलवर ओटीपी आला. तो त्यानंच वाचून दाखवला. तिनं कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. “बटन तुमीच दाबा. तुमची पेन्शन आहे.” त्यानं खर्र्यानं लाल झालेलं बोट लावून बटन दाबलं. फाईल गेली. तिनं त्याच्याकडून पानाप्रमाणे पैसे घेतले, तेरा ते सोळाचेसुद्धा.

आणि मग काहीच झालं नाही.

एकतीस मेला श्रावणबाबूचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण; ‘निष्कलंक सेवा’ हे शब्द माइकवरून टपरीपर्यंत ऐकू आले. जून गेला, जुलै गेला. रोशनीला दिवसातून दहा वेळा वाटायचं की पेन्शनच्या फाईली जातात तिथं नागपूरलाही असंच एक ऑफिस असणार, तिथंही कोणी पहिलं पान बघत असेल, शेवटचं बघत असेल. आपण आपला सूड बरोबर अशा जागी पुरून ठेवला जिथं कोणी खणत नाही. ती चिडचिडी झाली. गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली. आईला एकदा सगळं सांगितलं तर अंजनाबाई म्हणाली, “सोड नं आता. आपल्याले त्याचं वाईट करून काय भेटणार?”

“माह्यं नाव भेटन,” रोशनी म्हणाली. “अन् त्याचं वाईट झालं तर ते बी पाहिजेच मले.”

पण दुसऱ्या दिवशी अंजनाबाईनंच विचारलं, “आलं का वं काई नागपूरचं?”

ऑगस्टमध्ये आलं. नागपूरच्या पेन्शनच्या ऑफिसात कोणीतरी असं निघालं की जे अनुक्रमणिका वाचतं आणि एकेका ओळीवर टिक करतं. देव त्याचं भलं करो. त्यानं लेखी विचारणा केली, सरकारी भाषेत, अगदी थंडपणे: ‘अनुक्रमांक ९ येथील कागदपत्रांचा निवृत्तिवेतनाशी संबंध स्पष्ट होत नाही. तरी खुलासा करावा.’ आणि प्रत जिल्ह्याला. जिल्ह्याच्या साहेबानं आयुष्यात पहिल्यांदा पान तेरा उघडलं असेल. चौकशी पुन्हा लागली. या वेळी ती अर्ध्या तासात संपली नाही. पेनड्राइव्ह मागवला गेला, आणि जो माणूस कधी काही पुसत नव्हता त्यानं याही वेळी काही पुसलेलं नव्हतं. मी टाकलं नाही म्हणायची सोय नव्हती. ओटीपी त्याच्या मोबाईलचा. टेकडीची संमती रद्द झाली. पेन्शन अडकली.

श्रावणबाबू टपरीत आला तेव्हा केसांची मुळं पांढरी दिसत होती. स्टुलावर बसला नाही, दारातच उभा राहिला.

“काऊन केलं तू असं?”

“मी काई नाई केलं, भाऊ. तुमीच पाठवलं. ओटीपी तुमचा, बोट तुमचं. मी तर तीन डाव सांगतलं, पाहून घ्या म्हणून.”

“कोणी दारात उभं करत नाई मले आता. चहाच्या टपरीवर लोकं उठून जातात.”

“मालूम आहे मले, कसं वाटते ते.”

“खरं सांगतो पोरी, मी इसरूनच गेल्तो त्या कागदाचं. वरून सांगतलं, करून टाकलं. तुह्यं नाव येईन हे बी नंतर ध्यानात आलं.”

“मंग आलं तवा काऊन नाई बोलले?”

तो वळून निघून गेला. पाठीत वाकल्यासारखा दिसत होता. रोशनीला काय वाटलं? बरं वाटलं. माठातलं गार पाणी प्यावं तसं बरं वाटलं. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचा सातबारा स्कॅन करायला घेतला.

पण नावाचं काम अजून व्हायचं होतं. सप्टेंबरमध्ये चौकशीचा आदेश निघाला आणि त्याची पीडीएफ तिच्या फोनवर आली. तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शब्दन् शब्द वाचला. श्रावणबाबूचं नाव अकरा वेळा होतं. तिच्याबद्दल एक वाक्य होतं, पान सहावर, मधोमध: ‘तत्कालीन कंत्राटी कर्मचाऱ्याचा या प्रकरणी सहभाग आढळून आला नाही.’ तिनं आदेश पुन्हा वाचला. नाव नव्हतं. एकदाही नाही.

ती तडक त्या पिवळ्या इमारतीत गेली. नवे साहेब होते, तरुण, सभ्य.

“सर, यात माझं नाव कुठं आहे?”

“मॅडम, निर्दोष व्यक्तीचं नाव आदेशात घेत नाहीत. तुमच्याच भल्यासाठी.”

“लावताना तर बापासकट घेतलं होतं.”

साहेब जिल्ह्याला वर कळवतो म्हणाले. तिला माहीत होतं, कोणी काही कळवणार नाही. ती संतापानं बाहेर आली. घालवताना पूर्ण नाव आणि परत देताना ‘कर्मचारी’. म्हणजे ज्यांनी काचेमागचा कागद वाचला त्यांच्या लेखी रोशनी दुर्गे अजून चोरच होती, आणि सुटलं ते कोणी दुसरंच.

त्यानंतरच्या बुधवारी, बाजार ऐन भरात असताना, जंगूभाऊ टपरीत आले. जिल्ह्याच्या आदेशाची प्रत गावाला गेली होती, मागे पान तेरा ते सोळा जोडून. टपरीत आठ-दहा माणसं रांगेत होती, बाहेर तेवढीच उभी. म्हातारे कोणाकडे न बघता काउंटरपाशी आले आणि ग्रामसभेचं रजिस्टर उघडून तिच्यापुढे ठेवलं.

“एक ठराव आहे,” ते हळूच म्हणाले. “कलेक्टर साहेबाले पाठवाचा आहे. पीडीएफ करून दे, बाई.”

रोशनीनं रजिस्टरवर नजर टाकली. हातानं लिहिलेला अर्ध्या पानाचा ठराव, खाली सह्या आणि अंगठे. तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि रजिस्टर फिरवून परत त्यांच्याकडे केलं.

“मले अक्षर लागत नाई,” ती म्हणाली. अक्षर मोत्यासारखं होतं. “तुमी वाचा, मी टाइप करीन.”

जंगूभाऊंनी मागे बघितलं. रांगेतली माणसं बघत होती. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात वाचायला लागले. “ग्रामसभा कोहकाटोला. आमच्या गावचा ठराव ऑफिसात बदलला गेला. तो कुमारी रोशनी सोमाजी दुर्गे हिने बदलला नव्हता. गावाने तिच्यावर खोटा आळ घेतला. आमच्या... आमच्या अध्यक्षांनी...”

बोट थांबलं.

“पुढं?” रोशनी म्हणाली.

“अध्यक्षांनी भर बाजारात तिच्या आईले...” म्हाताऱ्याचे डोळे भरले. “पोरी, तूच लिहून घे नं. मालूम आहे तुले काय लिहिलं आहे ते.”

एका बाईनं हळूच म्हटलं, “जाऊ दे वं, म्हातारा माणूस आहे.” रोशनीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर जंगूभाऊ हात जोडून उभे राहिले. तिला एक क्षण त्यांची कीव आली, तो क्षण तिनं जाऊ दिला.

“हात नका जोडू, भाऊ,” ती म्हणाली. “वाचा. सुरवातीपासून, अन् मोठ्यानं. आईले बोलले तवा आवाज चांगला मोठा होता तुमचा.”

आणि स्क्रीनवर कोरं पान उघडून, कीबोर्डवर बोटं ठेवून ती वाट बघत बसली.